सत्तर म्हटल्यावर आबा हसले

१

बाकांवरचं प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नव्हतं.

कवठे महांकाळच्या बंद सूतगिरणीत यशोधन विद्यापीठानं यंदा नवी शाखा काढली होती. तीनशे पोरांची सोय, नवे पंखे, कमानीवर रोषणाई. ऑक्टोबरातल्या एका सकाळी विद्यापीठाचे अध्यक्ष आबासाहेब न कळवता तिथं जाऊन उभे राहिले. एका वर्गात पुढच्या दोन रांगांत पोरं होती. मागचे सगळे बाक दुकानातून आले तसेच गुंडाळलेले.

"बाकीची पोरं कुठं गेली?" आबांनी विचारलं.

शिकवणारी शिवांजली नोकरीत नवी होती. कुणाला काय सांगायचं नसतं हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं. "बाकीची नाहीतच, आबासाहेब. सगळ्या शाखेत मिळून सत्तरसुद्धा नाहीत."

आबांनी एका बाकावर हात फिरवला. प्लास्टिक करकरलं. "पोरांच्या आधी बाकांनाच रेनकोट घेतला म्हणायचा," एवढं बोलून ते गाडीत बसले.

त्या आठवड्यात शाखेतल्या शिक्षकांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा गेल्या आणि विद्यापीठात एकच सवाल उरला. पोरं येणार नाहीत हे ठाऊक असून मंडळापासून लपवलं कुणी?

उत्तर सगळ्यांना सोयीचं होतं. पोरं किती येतील हे सांगायचं काम प्रवेश संचालकांचं, आणि प्रवेश संचालक नौशीन मणेर.

नौशीनचं म्हणणं साधं होतं. मे महिन्यातल्या नियामक मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांच्या समोर, उभं राहून तिनं सांगितलं होतं की सत्तरच्या वर पोरं येणार नाहीत. आबांचं म्हणणं त्याहून साधं होतं. "मला कुणी सांगितलं न्हाई. देवाशपथ न्हाई."

आता आबा खोटं बोलणारे नव्हते, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. आणि नौशीन खोटं बोलणारी नव्हती, हे तिचे विरोधक मान्य करत, पण हळू आवाजात. सोमवारी मंडळाची बैठक होती. तिला काढून टाकायचा ठराव टाइप होऊन तयार होता. सूचक कोण आणि अनुमोदक कोण एवढंच ठरायचं होतं, आणि त्यासाठी चारचौघं सभासद एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

रात्री नौशीनला शिवांजलीचा मेसेज आला. 'ताई, जूनमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, साताऱ्याची नोकरी सोडू का. तुम्ही म्हणाला होता, मंडळानं विचार करूनच निर्णय घेतलाय.'

पुढं प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. नौशीननं फोन पालथा घालून ठेवला.

२

चौकशीला नेमले सुभेदार आकाराम शेडगे. मंडळावरचे ते एकटेच सभासद मेच्या बैठकीला हजर नव्हते. मोतीबिंदू काढून घरी डोळ्यात थेंब घालून पडले होते. त्यामुळे सगळ्यांत कोरा माणूस तेवढाच. तोफखान्यात आयुष्य गेलेलं, आता फलटणकडं ऊस. मिशा पांढऱ्या, पण प्रश्न विचारताना त्या अशा हलत की समोरच्याला आपली चेष्टा चाललीय की चौकशी, हे शेवटपर्यंत उमगत नसे.

"बस पोरी," ते नौशीनला तिच्याच खोलीत म्हणाले. "चहा सांग. आरोपीच्या पैशानं चहा प्यायचा, हा माझा पहिला नियम."

तिनं चहा सांगितला.

"मंडळाच्या हातात कागद दिलास, त्यावर काय हुतं?"

"चौकशी नऊशे."

"म्हंजे?"

"शाखेसाठी आपण मेळावा घेतला होता. तिथं ज्यांनी मोबाइल नंबर लिहून दिला ते नऊशे. नंबर दिला की जेवण आणि एक पिशवी फुकट."

"म्हंजे पिशवीचे नऊशे!" सुभेदार खूश झाले. "आन् खरे?"

"मी गावोगाव फिरून आईबापांना विचारलं. मुलींना रोजचा एसटीचा प्रवास परवडेना, मुलांना सांगली नाहीतर पुणं हवं. सत्तर धरले होते."

"मग सत्तर का छापला न्हाईस?"

नौशीन कपाकडं बघत म्हणाली, "इथली रीतच आहे, काका. चांगलं कागदावर द्यायचं, वाईट तोंडी सांगायचं. छापलेलं बाहेर जातं म्हणतात. कुलगुरू सर म्हणाले, नऊशे मोठ्या अक्षरात घ्या, बाकीचं बोला. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, बोलणार म्हणजे बोलणारच."

"आन् बोललीस?"

"बोलले."

"मग आबा काय म्हनले?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्सचं मशीन सुरू केलं.

"हसले," ती म्हणाली.

सुभेदारांचा कप हवेतच थांबला. "सत्तर म्हनल्यावर?"

"हो. मान हलवली आणि हसले."

"आन् तू काय केलंस?"

"खाली बसले."

"बास?"

"बास."

सुभेदारांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग उरलेला चहा बशीत ओतून संपवला. नौशीननं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच तिला त्या श्वासाचीच लाज वाटली. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. ते तेवढं तिनं सांगितलं नव्हतं.

३

"मी आरोपीला संगं घेऊन तपास करतो," दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सुभेदार म्हणाले. "पळून जायची भीती न्हाई, आन् रस्ता दाखवायला मानूस मिळतंय."

लालासाहेब कवठे महांकाळच्या रानात द्राक्षाची छाटणी करून घेत होते. मंडळाचे उपाध्यक्ष. सूतगिरणीची इमारत त्यांच्या साडूची, आणि तिचं भाडं विद्यापीठ भरत होतं. संशय घ्यायला याहून गुबगुबीत माणूस मिळाला नसता.

"सुभेदार, मला इचाराल तर मी सरळ सांगतो," लालासाहेब कात्री खिशात घालत म्हणाले. "बाई सत्तर म्हनल्या. मी आयकलं. माझ्या ह्या कानानं."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

"मग बोलला का न्हाईस, गड्या?"

"आवं, आबा हासले की! अध्यक्ष हासत्यात म्हनल्यावर आमाला वाटलं, त्यास्नी आधीच समदं ठावं हाय. वरून कायतरी ठरलं असंल, सरकारी योजना-बिजना. आबा हासल्यावर मधी कोन बोलनार? मी आपला म्हनलं, मंजूर. मी म्हनलं म्हनून समद्यांनी म्हनलं."

"आन् साडूचं भाडं?"

"ते बी डोक्यात हुतंच की," लालासाहेब निर्लज्जपणे म्हणाले. मग मान खाली घालून, "खोटं कशाला बोलू. आबा हासले तवा मला जरा बरंच वाटलं."

नौशीन वेलींकडं बघू लागली. छाटलेल्या काड्यांच्या टोकांना पाणी सुटलं होतं.

"सोमवारी हे मंडळात सांगशील?"

"मी?" लालासाहेब दोन पावलं मागं सरले. "म्हंजे आबा खोटं बोलत्यात म्हनू? ते जमायचं न्हाई, सुभेदार. बाई चांगल्या हायत, पर माझं तोंड तेवढं मोठं न्हाई."

मग विषय बदलायला म्हणून ते त्या दिवसाचं सांगत सुटले. उकाडा लय होता. त्यात सगळे फेटे बांधून नवरदेवासारखे बसलेले. आबांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता ना.

"सत्कार शेवटाला असतोय," सुभेदार म्हणाले. "जेवनाच्या आधी."

"त्या दिवशी पयल्यांदाच उरकला. सुताचा हार घातला. फुलं चालत न्हाईत आबास्नी, वास आला की शिंका. त्यांच्या बैठकीत उदबत्तीसुदिक लावत न्हाईत. मग कामकाज, मग आमरस-पुरी. आबांनी दोन वाट्या रस चापला. ऊन कलंपातुर गप्पा मारत बसले हुते."

परतीच्या वाटेवर सुभेदारांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मंडळावरल्या पाच जनांनी आयकलं. पाची जन सांगायचे न्हाईत. का, तर तू खरी ठरलीस की आबा खोटे ठरत्यात."

"मग माझं काय होणार?"

"आता आबांनाच तपासायला पायजे," सुभेदार म्हणाले.

४

आबांचा बंगला कराडला, नदीच्या अंगाला. आबांनी दोघांना बसवलं, आणि नौशीनकडं बघून म्हणाले, "ये पोरी. तुझ्यावर राग न्हाई माझा. पर तू सांगितलं असतंस, तर मी नवी शाखा काढली असती का? तुझा बाप आपल्या कारखान्यात टर्बाइनवर हुता. तीस वर्सं त्या आवाजात उभा ऱ्हायला, पर कवा मला फसवलं न्हाई त्यानं."

नौशीनला घरचा ओटा आठवला. संध्याकाळी अब्बा तिथं बसत. आई काहीही म्हणो, पीठ संपलंय म्हणो की भावाचा ताप चढलाय म्हणो, ते मान हलवत आणि हसत. छान, मऊ, सगळ्याला हो म्हणणारं हसू.

"हो, आबा," ती कशीबशी म्हणाली.

पंखा घरघरत होता. सुभेदार उठले, खिडकीशी गेले आणि पाठ करून, बाहेर नदीकडं बघत, अगदी हळू पुटपुटले, "आबा, चहात साखर किती घेता आता?"

"बंद केली," आबा मागून म्हणाले. "मिरजेच्या डॉक्टरांनी. जयराज घेऊन जातो मला दर खेपेला. कुलगुरू असून ड्रायव्हरकी करतो बिचारा."

सुभेदार वळले. त्यांचा चेहरा पडला होता.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "माझी सगळी बांधनी ढासळली, पोरी! मला वाटलं हुतं, म्हाताऱ्याचं कान गेलं असतील. आमच्या तोफखान्यात निम्मी पलटन बहिरी. पर कबूल कोन करतंय? कबूल केलं की मेडिकल कॅटेगरी खाली. मग काय करायची? समोरच्याच्या तोंडाकडं बघायची आन् हसायची. मेजरनं शिवी दिली तरी हसायची!" त्यांनी मान हलवली. "पर ह्यो गडी तर पाठमोऱ्या मानसाचं कुजबुजनं आयकतोय, वरनं पंखा चालू असताना."

नौशीननं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुला काय वाटतं?" सुभेदारांनी विचारलं.

"मला काय वाटणार, काका."

"न्हाई, तू समोर हुतीस म्हनून इचारलं," सुभेदार सहज म्हणाले आणि गिअर टाकला. पण जीप लगेच हलली नाही.

५

कुलगुरू डॉ. जयराज यांच्या खोलीत एसी होता आणि भिंतीवर मेच्या बैठकीचा मोठा फोटो. त्यात बैठकीला आलेले सगळे भगव्या फेट्यांत, घाम पुसून ओळीनं उभे.

"मॅडम काहीतरी बोलल्या होत्या," कुलगुरू सावकाश म्हणाले. त्यांचं बोलणं इस्त्री केलेलं असे. "पण मोघम. मोठ्या लोकांसमोर आकडा कसा मांडायचा याचं एक तंत्र असतं, सुभेदार. मंडळाला चिंता द्यायची नसते, दिशा द्यायची असते. मॅडमना मी हे वारंवार सांगत आलोय."

"आवो, दिशा दिलीच की तुमी. कवठे महांकाळची."

कुलगुरू हसले नाहीत. शाखा त्यांचीच कल्पना होती. त्या बैठकीत शाखा मंजूर झाली आणि पुढच्याच बैठकीत त्यांची मुदत वाढली, हे शिपायांनाही पाठ होतं. पण एका गोष्टीपुढं संशय अडत होता. त्यांनी नौशीनचं तोंड दाबलं नव्हतं. तिला बोलू दिलं होतं, तेही सगळ्यांसमोर.

"बरं, सत्कार आधी का घेतला?"

"आबांना दुपारी मुंबईला निघायचं होतं. म्हणून आधी उरकून घेतला."

नौशीननं झटकन वर बघितलं. आमरसाच्या दोन वाट्या आणि ऊन कलेपर्यंतच्या गप्पा. सुभेदारांनी तिच्याकडं न बघताच पायानं तिच्या चपलेला हलकेच धक्का दिला. गप.

ते उठून फोटोजवळ गेले. आपल्या नव्या डोळ्यानं एकेक चेहरा बघत राहिले. "झ्याक हाय फोटो. आबा म्हंजे एरवी टोपीवालं मानूस. फेट्यात वळखूच येत न्हाईत." मग अगदी सहज, "फेटा लय तालेवार बांधलाय, साहेब. कुनी बांधला?"

एवढ्या वेळात कुलगुरूंनी पहिल्यांदाच उत्तर द्यायला वेळ घेतला. "असेल कुणीतरी बाजारातला."

बाजारातला माणूस नौशीनला माहीत होता. कराडात एवढ्या सफाईनं फेटा बांधणारा एकच होता.

६

अल्लाबक्षचं दुकान कापडाचं, पण लग्नसराईत त्याचे हातच जास्त विकले जात. लग्न, मिरवणूक, निवडणूक, फेटा त्याचाच. नौशीनला बघून त्यानं गादीवरचे कापडाचे तागे बाजूला सारले. "आवो, मणेरांची पोरगी! बसा बसा."

सुभेदारांनी फोटोचं विचारलं. अल्लाबक्षला सगळं आठवत होतं. बांधलेला फेटा तो विसरत नसे.

"मला सांगावा दुपारचा हुता. आदल्या दिवशी सांच्याला फोन आला, सकाळीच या. तारांबळ उडाली माझी."

"फोन कुनाचा?"

"कुलगुरू साहेबांचा सोताचा. मोठ्ठा मानूस, पर फेट्याची लय आवड. शेजारी उभं ऱ्हाऊन बघत हुते. मी आबांचा फेटा नेहमीसारखा कानाच्या वर घेतला, तर म्हनले, अल्लाबक्ष, घट्ट बांधा, कान झाकू द्या, फोटोत सगळे सारखे दिसले पायजेत. आबा म्हनत हुते, कान झाकू नगंस रं. पर साहेब म्हनले, आबा, आजच्या दिवस. मग आबांनी अत्तराचा फाया काढला आन् म्हनले, बांध."

सुभेदार पुढं झुकले. "काय काढलं?"

"अत्तराचा फाया. कानात कापूस घालत्यात न्हाई का आमच्यात, अत्तर लावून? तसला. आबांनी कानातनं बारकं कायतरी काढलं आन् मुठीत धरून सदऱ्याच्या खिशात टाकलं. फेट्याला डाग पडू नये म्हनून काढलं असंल. मला लय बरं वाटलं. एवढा मोठा मानूस, पर कापडाची कदर हाय."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला.

"आबा अत्तर लावत नाहीत," नौशीन म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "त्यांना उदबत्तीचा वास चालत नाही. फुलांचा हार चालत नाही. अत्तर..."

"मग कानात हुतं काय?" अल्लाबक्षनं भाबडेपणानं विचारलं.

सुभेदारांच्या मिशा पहिल्यांदाच हलल्या नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "चल. माझी बांधनी ढासळली न्हवती. एक वीट तेवढी फेट्यात राहिली हुती."

७

सोमवारी मंडळ भरलं. मोठं टेबल, आबा मधोमध, पांढऱ्या टोपीत. एका बाजूला लालासाहेब, दुसऱ्या बाजूला कुलगुरू. नौशीनची खुर्ची भिंतीला. ठरावाचा कागद सगळ्यांच्या पुढ्यात होता आणि कुणी त्याकडं बघत नव्हतं.

सुभेदार उभे राहिले. "दोन मानसं हायत. एक म्हनतं मी सांगितलं, एक म्हनतं मला सांगितलं न्हाई. आपन समदे ह्यातलं खोटं कोन, हे हुडकत बसलो. मी म्हनतो, दोघं बी खरं बोलत्यात. पोरीनं सांगितलं. आबांपातुर ते पोचलं न्हाई. मग वाटेत अडवलं कुनी?"

खुर्च्या करकरल्या.

"आदल्या दुपारी ही पोरगी एका मानसाला म्हनली, मी सत्तर सांगनार म्हंजे सांगनारच. तिला गप करनं त्याला शक्य न्हवतं. गप केली असती तर नंतर बोभाटा झाला असता. मग त्यानं काय केलं? त्याच सांजेला फेटेवाल्याला फोन. शेवटचा सत्कार पयला. का, तर म्हनं आबा मुंबईला निघनार. लालासाहेब, आबा त्या दिवशी कुठं गेले?"

"कुठं न्हाई," लालासाहेब चाचरत म्हणाले. "आमरस..."

"आमरस खाल्ला. आन् फेटा बांधताना तोच मानूस शेजारी उभा ऱ्हाऊन म्हनला, कान झाकू द्या. आता कान झाकल्यानं काय हुतंय, हे ठावं असायला आधी कानात काय हाय, ते ठावं पायजे. ते ठावं असलेला मानूस एकच. मिरजेला गाडी घेऊन जानारा." सुभेदार आबांकडं वळले. आवाज खाली आला. "आबा, पुढचं तुमी सांगताय का मी सांगू? तुमी न्हाई म्हनला, तर मी हितंच खाली बसतो."

आबांनी ठरावाच्या कागदाकडं बघितलं. कितीतरी वेळ. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, उजव्या कानात बोट घातलं आणि शेंगदाण्याएवढं काहीतरी काढून सगळ्यांच्या देखत ठरावाच्या कागदावर ठेवलं.

"मिरजेत बसवलं," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "घरात बी कुनाला ठावं न्हाई. फेट्यात दाबलं की शिट्टी मारतंय ते. म्हनून काढलं. पोरगी उभी राहिली, तोंड हलत हुतं, मला एक अक्षर कळलं न्हाई. पर पुढ्यात कागद हुता. कागदावर नऊशे. मला वाटलं चांगलंच सांगत असनार." ते थांबले. "आयकू आलं न्हाई, एवढं म्हनायला मला पंचाहत्तर वर्सांत जमलं न्हाई. तेवढंच म्हनायचं हुतं."

सगळे कुलगुरूंकडं बघू लागले. त्यांनी चष्मा पुसला. "मी फक्त फेटा घट्ट बांधायला सांगितला," ते शांतपणे म्हणाले. "हा कुठल्या नियमात गुन्हा बसतो, ते सुभेदारांनी सांगावं."

"कुठल्याच न्हाई," सुभेदार म्हणाले. "आबांनी हासनं बी गुन्हा न्हाई. ह्या पाच जनांनी मंजूर म्हननं बी न्हाई. समद्यांनी थोडं थोडंच केलंय. पर बाकं अजून प्लास्टिकात हायत, आन् घरी बसलेली मास्तरं खरीखुरी हायत." त्यांनी ठराव उचलून दोन तुकडे केले. "मुदतवाढीचं काय ते मंडळ बघंल. पोरीवरला आरोप निघाला. माझी चौकशी संपली."

ते बसले. मग जणू काही आठवल्यासारखं म्हणाले, "एक प्रश्न उरलाय. पर तो मी इचारनार न्हाई. माझ्या कक्षेत बसत न्हाई."

आणि ते आपल्या चहाकडं बघू लागले. नौशीनकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

ती सुटली होती. लालासाहेब तिच्याकडं बघून दात दाखवत होते. एक सभासद अभिनंदनाचा ठराव मांडू का म्हणून पुटपुटत होता. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची सवय तिला होती. मेपासून ती तेच करत आली होती. तिला पालथा घातलेला फोन आठवला.

नौशीन उभी राहिली.

"तो प्रश्न मला माहीत आहे," ती म्हणाली. "आबा, त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझे अब्बा असेच हसायचे. सत्तर म्हटल्यावर तुम्ही हसलात आणि मी ओळखलं. दोन पावलं पुढं येऊन परत सांगायचं होतं. पण मला सुटल्यासारखं झालं. सांगितल्याचं पुण्य मिळालं होतं आणि तुमचा राग चुकला होता. म्हणून मी खाली बसले. फेटा कुलगुरू सरांनी बांधायला लावला, पण गप्प मी बसले. मला ठेवायचं की काढायचं, ते हे ऐकून ठरवा."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं, फक्त एका माणसाला सोडून.

आबांनी मान हलवली. आणि तिच्याकडं बघून हसले. छान, मऊ, सगळ्याला हो म्हणणारं हसू.

लालासाहेबांनी हळूच तिला खूण केली. बसा आता, झालं की. सुभेदार चहाकडंच बघत होते.

नौशीन भिंतीपासून निघाली. टेबलाला वळसा घालून आबांच्या खुर्चीशी आली. फाटलेल्या ठरावावरचं ते शेंगदाण्याएवढं यंत्र तिनं उचललं, आबांच्या तळव्यावर ठेवलं, आणि ते कानात बसवेपर्यंत, नीट बसवेपर्यंत, त्यांच्यासमोर उभी राहिली.

मग तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.